अर्पण-पाकिटांचा वार्षिक संच आणि कारभारी वही: कोल्हापूरच्या घराला कितपत चालतो?

पुठ्ठ्याच्या पेटीत मंडळीला (चर्चला) द्यायचे पैसे घालण्याची ५२ छापील पाकिटे, घराच्या जमाखर्चाची ९६ पानांची कारभारी वही आणि चार पानांचे माहितीपत्रक, किंमत १२० रुपये. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नव्या वर्षाच्या तोंडावर वाटला जाणारा हा ओळखीचा संच आहे. छपाई कुणाचीही असो, घडण थोड्याफार फरकाने हीच असते. निकाल आधीच सांगतो. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा संच जवळजवळ जसाच्या तसा चालतो. दुधाच्या बिलावर, उसाच्या हप्त्यावर किंवा चपलांच्या जोडीमागच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला दुरुस्ती करूनच वापरावा लागतो. वही पाकिटांपेक्षा जास्त कामाची आहे आणि माहितीपत्रक मात्र नव्याने लिहायला हवे.

पाकीट हवेच कशाला, पेटीत नोट टाकली की झाले, असे म्हणणारे बरेच असतात. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलाने सांगितलेली रीत बघा: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही रक्कम स्वतःजवळ बाजूला काढून ठेवावी. रक्कम आधी बाजूला निघते आणि मंडळीत नंतर पोचते. पाकिटाचे खरे काम हेच आहे. पैसे हातात आले त्या दिवशी, घरी, नवरा-बायकोने मिळून रक्कम ठरवायची आणि पाकीट भरून ठेवायचे. गीत सुरू असताना बाकावर बसून खिशातली सुटी नोट शोधायची आणि ती पाकिटात सारायची, हा वापर चालू असेल तर संचाचे १२० रुपये वाया गेले. रक्कम कमी-जास्त होते हा मुद्दा दुय्यम आहे. घाईत दिलेले अर्पण खर्चातून उरलेले असते, घरी बाजूला काढलेले अर्पण पहिले असते.

आता कागद. पाकिटाची आतली मापे साधारण ८० बाय १५० मिलिमीटर आहेत. सध्याची ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आहे, त्यामुळे ती सरळ बसतच नाही. १०० ची नवी नोट १४२ मिलिमीटरची, ती बसते. जुनी १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब आणि ७३ रुंद, ती दुमडावी लागते. दुमडलेली नोट आडव्या घडीवर फुगते, पाकीट उघडताना कडेने फाडले की नोटेचा कोपराही फाटतो. म्हणून पाकीट आधी टेबलावर उभे आपटून नोट खाली सरकवावी आणि मग वरची कड कात्रीने कापावी. छापणाऱ्यांनी लांबी १६५ मिलिमीटर केली तर हा त्रास संपेल. कागदाला खर्चही नाममात्र वाढेल.

कागद ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) वाटतो. उजेडात धरला तर आतल्या नोटेचा रंग दिसतो, आणि गुप्तता हा तर पाकिटाचा अर्धा हेतू. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये अशी शिकवण असताना हिरवी नोट की जांभळी हे शेजारच्याला दिसू नये. नाणी टाकली तर हाच कागद खालच्या शिवणीपाशी उसवतो. लहान मुलांच्या शब्बाथ शाळेसाठी हा संच घेऊ नका, तिथे नाणीच येतात. ८० ते ९० जीएसएमचा, रंगीत किंवा आतून आडव्या रेघा छापलेला कागद हवा.

गोंदाची गोष्ट कोल्हापूरकरांनी नीट लक्षात घ्यावी. जुलै-ऑगस्टच्या पावसात हवेतल्या ओलीनेच झाकणावरचा गोंद सुटतो आणि रिकामी पाकिटे आपली आपण चिकटून बसतात. पेटी भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवली तर निम्मी पाकिटे गणपतीपर्यंत निकामी होतात. उपाय साधा आहे: पाकिटे डब्यात, झाकण लावून, प्रत्येक झाकणाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून ठेवावीत. झाकण नुसते आत खोचले तरी चालते. पिन मारू नये. पिनेने नोट फाटते आणि मोजणाऱ्याच्या बोटात जाते.

या संचातला सगळ्यात मोठा दोष छापलेल्या तारखांचा आहे. पाकिटांवर जानेवारी ते डिसेंबरचे रविवार छापलेले असतात. एक तर काही वर्षांत रविवार ५३ येतात. २०२३ मध्ये होते, २०२८ मध्ये पुन्हा असतील, आणि ३१ डिसेंबरच्या उपासनेला पाकीट उरत नाही. दुसरे, मंडळीच्या ट्रस्टचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि त्यांचे लेखापरीक्षण व्हावे लागते. जानेवारीत सुरू होणारा पाकिटांचा क्रम दोन आर्थिक वर्षांत फाटतो. खजिनदाराला एकाच कुटुंबाच्या एकाच संचाची दोन वर्षांत बेरीज करावी लागते आणि चुका तिथेच होतात. तिसरे कारण कोल्हापूरचे: इथल्या मोठ्या भागात पैसा रविवारच्या हिशेबाने येत नाही.

दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते. म्हणजे वर्षाला ३६ बिले, वर दिवाळीआधी मिळणारा दूध फरक (वर्षाच्या दुधाच्या दरातला फरक) एक. उसाचे पैसे एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांत. बेरीज ४० च्या आसपास जाते. ५२ पाकिटांत हे बसतेच, वर बारा उरतात. ती वाढदिवस, बाप्तिस्मा, लग्न, घरभरणी, आजारातून उठणे अशा कृतज्ञतार्पणाला ठेवावीत. त्यामुळे तारीख न छापलेला, फक्त १ ते ५२ क्रमांक असलेला संच मागवा आणि तारीख पेनाने लिहा. ज्या रविवारी बिल आलेले नाही त्या रविवारी रिकामे पाकीट टाकण्याची सक्ती नको. त्याने लोक ओशाळतात आणि उपासनेलाच येणे टाळतात.

वही मात्र मनापासून आवडण्यासारखी आहे. प्रत्येक पानावर जमा, अर्पण, घरखर्च, बचत, गरजूंसाठी आणि शिल्लक असे सहा रकाने. अर्पणाचा रकाना जमेच्या लगेच शेजारी, घरखर्चाच्या आधी ठेवला आहे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातले प्रथमफळ, म्हणजे मिळकतीतला पहिला वाटा देवाला, हे रेघांनीच समजावले म्हणायचे. ‘गरजूंसाठी’ हा रकाना वेगळा ठेवला तेही उत्तम, कारण दशांश (मिळकतीचा दहावा भाग) मंडळीत दिला की शेजाऱ्याची जबाबदारी संपली अशी समजूत फार आहे. आणि मुळात कारभारी, म्हणजे देवाने सोपवलेले सांभाळणारा, हा दहाही भागांचा कारभारी असतो. येशूने सांगितलेल्या रुपयांच्या दाखल्यातला मालक सोपवलेल्या सगळ्या रकमेचा हिशेब मागतो. ज्या वहीत उरलेले नऊ भागही दिसतात तीच वही कारभारी म्हणवायला लायक.

पण तिच्यात कर्जफेडीचा रकाना नाही. आपल्या भागात पतसंस्था, सेवा सोसायटी, बचतगट आणि खाजगी फायनान्सचे हप्ते नसलेले घर शोधावे लागेल. घरखर्चाचा रकाना पट्टीने दोन भागांत तोडून घ्या. भिशी कुठे लिहायची हा प्रश्न हमखास येतो. नियम असा धरा: भिशी उचलेपर्यंत तो हप्ता बचत, उचलल्यानंतर तोच हप्ता कर्जफेड. दहा जणांची महिना २,००० रुपयांची भिशी तिसऱ्या महिन्यात उचलली, हातात २०,००० आले, तर त्यातले ६,००० तुमचे स्वतःचे आणि १४,००० पुढच्या सात महिन्यांत फेडायचे. हे २०,००० सगळेच जमेच्या रकान्यात टाकून त्यावर दशांश काढणारे आहेत, आणि सगळेच ‘आलेले पैसे’ समजून मिक्सर-फ्रिज घेणारे तर कितीतरी. दोन्ही हिशेब चुकीचे. भिशीतला पैसा कमाई नव्हे. त्यावरचा दशांश मुळात कमावतानाच द्यायचा असतो.

दशांश कशावर काढायचा यावर वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ आहे: ‘एकूण उत्पन्नाचा दहावा भाग.’ एवढ्याने भागत नाही. इथे चार गोष्टी सांगायला हव्यात.

दुधाचे बिल घ्या. दहा दिवसांचे बिल ९,००० रुपये, त्यातून संस्थेने पेंडीचे ३,२०० आणि घरासाठी घेतलेल्या उचलीचे १,५०० कापले, हातात ४,३००. दशांश ४३० काढला जातो, पण पेंड हा धंद्याचा खर्च आहे आणि उचल ही आधीच खर्चलेली कमाई आहे. म्हणून ९,००० वजा ३,२००, म्हणजे ५,८००, आणि दशांश ५८०. विकतची वैरण आणि जनावरांच्या डॉक्टरचा खर्च याच हिशेबात वजा होतो.

उसात वेगळी चूक होते. बिल १,८०,००० रुपयांचे, बियाणे-खत-पाणीपट्टी-मजुरीचा खर्च ८०,०००, म्हणून मिळकत १,००,००० आणि दशांश १०,०००. पण सोसायटीने पीककर्जाचे ६०,००० बिलातूनच वळते करून घेतलेले असतात आणि घरात हा आकडाही वजा केला जातो. पीककर्ज त्याच खतावर आणि मजुरीवर गेलेले होते. खर्च एकदा वजा केला की मुद्दल पुन्हा वजा करायचे नाही, फक्त व्याज करायचे. दोनदा वजाबाकी केली की उरतात ४०,००० आणि पाकिटात जातात ४,०००.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतो. कपात होण्याआधीच्या पगारावर दिले तर आपल्या वर्गणीवर निवृत्तीच्या वेळी पुन्हा द्यायला नको, तेव्हा मालकाचा वाटा आणि व्याज एवढेच धरायचे. हातात आलेल्या पगारावर दिले तर निधी मिळेल तेव्हा सगळ्यावर. कोणतीही एक रीत घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे वीस वर्षांनी वाद नको.

चौथी गोष्ट टक्क्यांच्याही आधीची आहे. नव्या करारात पौल टक्का सांगत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे तो लिहितो. दहावा भाग ही चांगली, जुनी, मोजता येणारी सुरुवात आहे. पण खाजगी सावकाराचे पैसे उचलून पाकीट भरणे, किंवा आईबापांचे औषध थांबवून दशांश देणे हे येशूनेच ‘कुर्बान’च्या प्रसंगात धिक्कारले आहे (मार्क, अध्याय ७). आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना तो आज्ञा मोडणारे म्हणतो. अशा घराने पाकिटात दहा रुपये घालावेत आणि मान वर करून घालावेत. मंदिराच्या भांडारापाशी गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) येशूने कमी धरल्या नव्हत्या.

म्हणूनच माहितीपत्रक खटकते. चारही पाने मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर उभी आहेत: दशांश आणा, आकाशकपाटे उघडतील, आशीर्वाद मावणार नाही. वचन खरे आहे, पण पत्रकात ते व्याजाच्या कराराप्रमाणे मांडले आहे. इतके द्या, इतके परत मिळेल. मलाखीतले भांडार कशासाठी होते ते पत्रक सांगत नाही. त्यातून लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जेवत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी तृप्त व्हावे म्हणून. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात लेव्यांचा वाटा पोचत नव्हता म्हणून ते आपापल्या शेताकडे निघून गेले होते. यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने काय केले? लोकांकडून दशांश आणवला आणि त्याच दमात भांडारावर विश्वासू माणसे नेमली, वाटणी त्यांच्याकडे सोपवली. मागणे आणि हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. जे पत्रक फक्त मागते ते अर्धे आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला ‘अजून द्या म्हणजे कर्ज फिटेल’ असे सुचवणारे पान तर मंडळीने वाटण्यापूर्वी काढून टाकावे.

कोल्हापुरात हा मुद्दा हलका नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथे आले तेव्हापासून मिशनच्या काळात शाळा, दवाखाने आणि पाळकांचे पगार यांचा मोठा भार अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या देणग्यांवर होता. आज पाळकसाहेबांचा पगार, वीजबिल, कौलांची दुरुस्ती, सगळे याच पाकिटांतून भागते. पैसा आपला झाला तसा हिशेबही आपला झाला.

मग पाकीट मंडळीत पोचल्यावर काय व्हावे? संचात याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पैसे त्याच दिवशी, उपासना संपल्यावर, इमारतीतच मोजावेत. मोजायला किमान दोन माणसे, एकमेकांचे नातेवाईक नसलेली, आणि दर महिन्याला बदलणारी. एकाने पाकीट उघडून रक्कम मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने पाकिटावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. तफावत असेल तर पाकिटावरच लाल शाईने प्रत्यक्ष रक्कम आणि दोघांच्या सह्या. पाकिटाशिवाय आलेली सुटी रक्कम वेगळ्या ओळीत. नोटांच्या मूल्याप्रमाणे तक्ता भरायचा, म्हणजे बँकेची स्लिप त्यावरूनच लिहिता येते. रिकामी पाकिटे लेखापरीक्षण होईपर्यंत फेकायची नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पेटीतूनच खर्च भागवल्याने. फुलवाल्याचे तीनशे, रिक्षाचे दोनशे तिथल्या तिथे दिले आणि उरलेले बँकेत भरले की पाकिटांची बेरीज आणि बँकेचा भरणा कधीच जुळत नाही. जमा पूर्ण भरा, खर्च किरकोळ रोकडीतून पावती घेऊन करा. बांधकाम निधी म्हणून आलेले पाकीट पगाराला वापरू नका, त्यासाठी तक्त्यात निधीवार रकाने हवेत. पौलाने यहूदीयातल्या गरजूंसाठी वर्गणी नेताना एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू पाठवले, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते करतो असे कारण दिले (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). खजिनदार प्रामाणिक असला तरी दोघांनी मोजावे. त्याच्यावर कधी बोट उठू नये म्हणूनच मोजावे.

पाकिटावर नावाऐवजी क्रमांक असतो हे योग्यच. क्रमांकाची यादी खजिनदार आणि मंडळीच्या आणखी एका वडिलांकडे (एल्डरकडे), बंद लिफाफ्यात. वार्षिक अहवालात रकमेसह देणगीदारांची नावे छापण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करून फक्त क्रमांक आणि रक्कम छापावी. प्रत्येकाला आपली नोंद तपासता येते आणि कुणाची मान खाली जात नाही.

क्यूआर कोडने देणाऱ्यांनी टिपणीच्या जागी पाकिटाचा क्रमांक आणि निधी लिहावा, ‘१७ दशांश’ एवढे पुरे. नाहीतर महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्यात नुसते आकडे उरतात. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर ट्रस्टचे नाव येते का ते बघा. कुणा व्यक्तीचे नाव आले तर थांबा आणि विचारा. फलकावर दुसराच कोड चिकटवल्याची फसवणूकही होते, म्हणून कोड काचेआड ठेवावा.

कायद्याच्या दोन गोष्टी. पाकिटातल्या अर्पणावर आयकरात सवलत मिळेल असे गृहीत धरू नका. ती सवलत त्यासाठी मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थांच्या देणगीवर मिळते, आणि रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर मिळत नाही. दुसरी गोष्ट नाताळात घडते. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सुट्टीला येतात आणि पाकिटात रुपयेच टाकतात. देणारा परदेशी नागरिक असेल तर रुपयांत दिलेली रक्कमही कायद्याने परदेशी देणगी ठरते, आणि परवाना नसलेल्या ट्रस्टला ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या पगारातून दिलेले चालते. मोजणाऱ्यांना हा फरक माहीत हवा.

पन्नास-साठ कुटुंबांच्या मंडळीने तयार संच मागवण्यापेक्षा जॉब वर्क करणाऱ्या स्थानिक छापखान्यात पाकिटे करून घेतलेली बरी. साठ कुटुंबांना ५२ प्रमाणे ३,१२० पाकिटे लागतात, वर शंभरेक जादा धरा. सांगायचे एवढेच: १६५ बाय ९० मिलिमीटर, ९० जीएसएम, एका रंगात छपाई, तारीख नाही, कुटुंब क्रमांक आणि पाकीट क्रमांक नंबरिंग मशीनने, निधीचे चार चौकोन (दशांश, कृतज्ञता, गरजूंसाठी, इमारत), आणि रक्कम व तारखेसाठी पेनाने लिहिता येईल अशी न चकाकणारी जागा. मजकुराचे मराठी प्रूफ स्वतः वाचा, ‘कृतज्ञता’ चुकीचे छापून हमखास येते. काम फेब्रुवारीत द्या, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या रविवारी वाटता येईल. वही बाजारातली साधी लांब जमाखर्च वही घेऊन रकाने आखून दिले तरी चालते, फक्त कर्जफेडीचा सातवा रकाना विसरू नका.